वहीच्या मागच्या पानावरचा ट्रॅक्टर

या पानावर आपण नेहमी वाण, खतांच्या मात्रा, कीड-रोग आणि अनुदानाच्या योजना वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण घरातलाच आहे. तुमच्या घरात, भावकीत किंवा शेजारी एखादे पोर असे असेलच की ज्याच्या वहीची मागची पाने गाड्यांच्या चित्रांनी भरलेली आहेत. कधी ट्रॅक्टर, कधी जीप, कधी कुणी न पाहिलेली सहा चाकांची गाडी. आपण काय म्हणतो? ‘अभ्यास सोडून रेघोट्या ओढतंय.’ मास्तरही तेच म्हणतात. आणि बारावी झाली की त्या पोराला जवळच्या कॉलेजात जी जागा मिळेल तिथे घालून मोकळे होतो.

नव्या गाडीची कल्पना कागदावर काढणे हा एक रीतसर पेशा आहे. त्याला वाहन आरेखन म्हणा, बोलीत गाडीचे डिझाइन म्हणा. त्यासाठी सरकारी संस्था आहेत, प्रवेश परीक्षा आहेत आणि नोकऱ्याही आहेत, त्यातल्या बऱ्याच आपल्या पुण्या-चाकणच्या पट्ट्यात. हे शहरातल्या पालकांना ठाऊक असते, आपल्याला नसते. खरी अडचण तेवढीच आहे.

आधी ‘कन्सेप्ट’ गाडी म्हणजे काय ते पाहू. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नव्या वाणाचा चाचणी प्लॉट असतो, तसेच हे. त्या प्लॉटमधले बियाणे तुम्हाला दुकानात मिळत नाही. पण त्यातला एखादा गुण, म्हणजे तांबेऱ्याला दाद न देणे किंवा लवकर पक्व होणे, पुढे प्रसारित वाणात येतो. कन्सेप्ट गाडी विकायला नसते. कंपनी ती एकच बनवते, प्रदर्शनात उभी करते, लोक काय म्हणतात ते ऐकते, आणि त्यातले जे टिकते ते चार-पाच वर्षांत बाजारातल्या गाडीत उतरते.

उदाहरणे शेतीतलीच घेऊ. २०१६ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या बून गावी मोठे कृषी प्रदर्शन भरले होते. तिथे केस आयएच कंपनीने एक ट्रॅक्टर मांडला, त्याला केबिनच नव्हती. बसायला जागा नाही, स्टिअरिंग नाही. शेताचा नकाशा भरून दिला की आपला आपण चालणारा. २०२० च्या जानेवारीत जपानमध्ये क्योटोला कुबोटा कंपनीने असाच एक बिनचालकाचा, विजेवर चालणारा ट्रॅक्टर दाखवला. त्याला चाकांऐवजी चार पट्टे होते, म्हणजे चिखलणीतही रुतू नये. हे दोन्ही ट्रॅक्टर तुम्हाला डीलरकडे मिळणार नाहीत. ते कुणीतरी आधी कागदावर काढले होते, एवढेच आज लक्षात घ्या.

आणि कागदावरून रस्त्यावर येतेच नाही असेही नाही. महिंद्र कंपनीने १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे नमुने दाखवले. त्यांतल्या दोन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीसाठी जाहीर झाल्या आणि त्या तयार होतात आपल्या चाकणला. या कंपनीच्या डिझाइन विभागाची सूत्रे २०२१ साली हाती घेतलेले प्रताप बोस हे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले आहेत. ही संस्था सरकारी आहे, १९६१ साली स्थापन झालेली.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे मोठ्या घरच्या, इंग्रजी शाळेतल्या पोरांचे काम. आमच्या पोराला यातले काय सुचणार?

गाडी बनवणाऱ्याचा पोरगा

जगातली पहिली कन्सेप्ट गाडी म्हणून जिचे नाव घेतात ती ब्यूक वाय-जॉब, १९३८ सालची. झाकले जाणारे दिवे, विजेवर वर-खाली होणाऱ्या काचा असे त्या काळी नवलाचे प्रकार तिच्यात होते. ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो हार्ले अर्ल. त्याचे वडील काय करीत होते? लॉस एंजेलिसला घोडागाड्या बांधत होते. म्हणजे आपल्याकडे सुताराचा पोरगा नेटावर बसून आरे तासताना बघतो, तसा हा पोरगा बापाच्या कारखान्यात वाढला. पुढे मोटारी आल्या तेव्हा बापाने मोटारींचे सांगाडे बांधायला घेतले आणि पोरगा त्यात शिकत गेला. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याला बोलावून घेतले आणि त्याच्या हाताखाली आरेखनाचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

लॅम्बोर्गिनी हे नाव आपली पोरे मोबाईलवर बघतात. तो फेरुचिओ लॅम्बोर्गिनी इटलीतल्या शेतकऱ्याच्या घरात १९१६ साली जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर पडून राहिलेल्या लष्करी सामानातून त्याने आधी ट्रॅक्टर बनवले. मोटारी नंतर, १९६३ पासून. पोराला हे सांगा, त्याला बरे वाटेल.

पण मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एका सीटची गोष्ट. ती जरा सावकाश सांगतो.

१९३७ साली जॉन डिअर कंपनीने हेन्री ड्रेफस नावाच्या आरेखकाकडे आपले ट्रॅक्टर सोपवले. हा गृहस्थ न्यूयॉर्कचा. तोवर ट्रॅक्टर म्हणजे उघडा सांगाडा, जिथे जे बसेल तिथे ते बसवलेले. ड्रेफसच्या हाताखालून १९३८ साली जे ट्रॅक्टर बाहेर पडले त्यांचे पुढचे तोंड अरुंद आणि बंदिस्त होते. ते नुसते देखणे नव्हते. बॉनेट अरुंद झाल्यामुळे चालकाला बसल्या जागेवरून पिकाची ओळ नीट दिसू लागली. आंतरमशागतीत कोळप्याचा फण रोपावर जाणे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे १९६० साली याच कंपनीने नवे ट्रॅक्टर आणले तेव्हा सीटसाठी ड्रेफसच्या माणसांनी एका डॉक्टर बाईंचा सल्ला घेतला. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल. स्नायूंच्या आणि पाठीच्या दुखण्यातल्या त्या तज्ज्ञ. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. ट्रॅक्टरच्या सीटला पाठीचा डॉक्टर! आपल्याकडे आजही कितीतरी ट्रॅक्टरवाले सीटवर पोते घडी करून टाकतात, कुणी जुन्या गादीचा तुकडा बांधतो. ते पोते कशासाठी टाकावे लागते, हा प्रश्न ज्याला पडतो तो अर्धा आरेखक झाला. उरलेला अर्धा शिकवता येतो.

म्हणून माझे म्हणणे आहे की खेड्यातल्या पोराकडे या पेशाचे निम्मे भांडवल आधीच असते. शहरातल्या विद्यार्थ्याला शिक्षक सांगतात, जा, वापरणाऱ्याला भेट, त्याचे दुखणे समजून घे. तो बिचारा गावात येऊन दोन दिवस राहतो, फोटो काढतो. तुमच्या पोराने ते दुखणे रोज बघितलेले आहे. ऊस भरताना ट्रॉली कुठे कलते, रोटाव्हेटर जोडताना पिन का बसत नाही, पेरणीच्या दिवसांत बापाची कंबर संध्याकाळी का धरते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे झालेले काम

आपल्या देशात हे झालेच नाही असे समजू नका. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी ट्रॅक्टर तयार केला आणि तो १९७४ पासून पंजाबात ‘स्वराज’ नावाने निघू लागला. बाकीच्या कंपन्या तेव्हा परदेशी आराखड्यांवर चालत होत्या. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने आपल्या शेतमजुरांच्या, स्त्री आणि पुरुष दोघांच्याही, अंगाची मापे घेतली. हाताची लांबी किती, मूठ किती, कितीचा जोर लावता येतो. कारण परदेशी माणसाच्या मापाचा क्लच आपल्या पाच फुटी चालकाच्या पायाला पुरत नाही.

बैलगाडीचेही तसेच. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी वर्षानुवर्षे आटापिटा केला. व्यवस्थापन शिकवणारा माणूस जू आणि आखाबद्दल बोलतो म्हणून काहींना हसू आले असेल, पण बैलाच्या मानेवरचा भार हा त्यांच्या लेखी देशाच्या वाहतुकीचा प्रश्न होता. आणि तो प्रश्न आजही ऊसपट्ट्यात गाळप हंगामात आपण रोज बघतो. टायरगाडीवर वाढीव मोळ्या, आणि खांदे सुजलेली बैलजोडी.

२०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाईल विभागातल्या विद्यार्थ्यांनी यावर एक उपाय काढला. दोन बैलांच्या मध्ये, पुढच्या बाजूला, एक आधाराचे चाक दिले. मानेवर येणारा भार त्या चाकावर जातो. नाव ठेवले ‘सारथी’. त्याचे चित्र देशभर फिरले. मला त्यात दिसते ते असे, की ही पोरे ऊसपट्ट्यातल्याच कॉलेजात होती आणि कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या त्यांच्या दारावरून जात होत्या. दिल्ली-मुंबईच्या पोराला हे सुचायला बैलाचा खांदा आधी दिसायला हवा.

गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातले शेतकरी मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास दुष्काळात बैल परवडेनात म्हणून बुलेट मोटारसायकलला मागे दोन चाके आणि औताची जोडणी बसवली. ‘बुलेट सांती’ म्हणून ती ओळखली जाते. शाळा फारशी झालेली नसताना. मात्र येथे एक इशारा देतो. असा प्रयोग शेतात करा, पण बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओची मंजुरी लागते. ‘गावातल्या गावात चालतंय’ म्हणून अपघात झाल्यावर विमाही हात वर करतो.

पोराने सुरुवात कशी करावी

कामानिमित्त एका गावी गेलो होतो. बांधावर उभी असलेली ट्रॉली आणि तिच्यात चढणाऱ्या मजूर बाया. फाळका उंच, पाय ठेवायला जागा नाही. एकीने चाकाच्या नटावर पाय दिला, दुसरीने टायरवर. तिसरीला दोघींनी वर ओढले. पाळणाघर नसलेल्या गावात कडेवर लेकरू घेऊन हे रोज दोनदा चालते. हा विषय एखाद्या पोराने घेतला तर? ट्रॉलीच्या फाळक्याची उंची मोजायची. बायांचे पाऊल कुठे पडते ते पाच दिवस लिहून ठेवायचे. वयस्कर बाईचा गुडघा किती उंच जातो ते मोजायचे. मग पायरी कुठे असावी, ती भरताना आड येऊ नये, चिखल धरू नये, माल उतरवताना वाकू नये, हे विचारात घेऊन दहा चित्रे काढायची. त्यातल्या दोनांची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची आणि त्याच बायांना दाखवायची. त्या हसल्या तर का हसल्या ते लिहायचे.

याला डिझाइनच्या भाषेत प्रकल्प म्हणतात. अशा चार-पाच प्रकल्पांची फाईल तयार झाली की तिला पोर्टफोलिओ म्हणतात. पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीत बघणारे नुसती गुळगुळीत मोटार बघत नाहीत. तू कुणाचे काय दुखणे बघितलेस आणि त्यावर विचार कसा केलास, हे विचारतात.

चित्रकला मात्र यायलाच हवी, तिथे सूट नाही. आणि ती फोटोवरून उतरवून येत नाही. दारातला ट्रॅक्टर समोर ठेवून रोज अर्धा तास काढायचा. एका बाजूने, मग कोपऱ्यातून, मग खाली बसून. चाक हे कोपऱ्यातून बघताना गोल दिसत नाही, लंबगोल दिसते, आणि मागचे-पुढचे चाक एकाच जमिनीवर टेकले पाहिजे. येथे बहुतेकांची गाडी हवेत जाते. आधी खोकी काढायला शिकायचे, मग खोक्यात गाडी बसवायची. पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुरतात. ग्रामपंचायतीत जुन्या नमुन्यांचे पाठकोरे कागद गठ्ठ्याने पडून असतात, ते शाळेला दिले तरी पोरांचे वर्ष निघेल.

आपल्या शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात, त्या बसायला लावा. त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण कितीतरी शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणित भरून काढायचा तास. पालकसभेत हे विचारायला हरकत नाही.

शिक्षण, खर्च आणि खरे चित्र

बारावीनंतर पदवीला जाण्याचे दोन ठळक रस्ते आहेत. एक यूसीईईडी ही परीक्षा. ती मुंबईची आयआयटी घेते आणि तिच्या गुणांवर मुंबईसह काही आयआयटींत बी.डेस. या पदवीला प्रवेश मिळतो. दुसरी राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा, ती दोन टप्प्यांत होते. दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते. कला शाखेचीसुद्धा! हे वाक्य पुन्हा वाचा, कारण ‘सायन्स नाही म्हणून रस्ता बंद’ असे समजून पोरे घरी बसतात. यूसीईईडीचा पेपर इंग्रजीत असतो आणि त्यात हाताने चित्र काढण्याचा भाग असतो. सलग दोन वर्षे मिळून दोनदाच बसता येते, म्हणून ‘बघू जमतंय का’ म्हणून पहिली संधी वाया घालवू नका.

खास वाहनांचे शिक्षण मुख्यतः त्यापुढच्या पायरीवर, एम.डेस.ला आहे. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या १९६९ पासूनच्या विभागात आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर आवारात. मुंबईला सीईईडी नावाची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे पोरगा किंवा पोरगी आधी मेकॅनिकल, ऑटोमोबाईल अथवा कृषी अभियांत्रिकी करूनही इकडे वळू शकते. महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० आणि २०२० च्या थार या गाड्यांच्या आरेखनामागचे नाव रामकृपा अनंतन यांचे आहे. त्या आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, मग आयडीसीत शिकल्या. थार चालवताना मिशीला पीळ देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि मुलगी गाड्या काढत असेल तर तिची वही आधी बघावी.

खाजगी संस्था पुण्याच्या आसपास आहेत, त्यांत वाहन आरेखन पदवीलाच शिकवणाऱ्याही आहेत. पण तिथली फी वर्षाला लाखांत जाते. एक एकर विकून फी भरू, असा विचार कुणी करत असेल तर मी स्पष्ट सांगतो, करू नका. आधी संस्थेचे पत्रक घ्या, मागच्या दोन वर्षांची मुले कुठे कामाला लागली ते त्याच मुलांकडून विचारा, मग शैक्षणिक कर्जाचे बघा.

नोकरीचेही खरे सांगतो. संपूर्ण नवी गाडी कल्पणाऱ्या जागा देशात थोड्या आहेत आणि बसणारे पुष्कळ. पण एका गाडीमागे एकटा आरेखक नसतो. चित्रावरून संगणकात पृष्ठभाग उभे करणारे लागतात, आतली बैठक बघणारे लागतात, रंग आणि कापड ठरवणारे लागतात. आणि मातीकाम करणारे लागतात. होय, मातीकाम! संगणक कितीही आले तरी अनेक कंपन्या अजून गाडीची पूर्ण आकाराची प्रतिकृती एका खास मातीत करतात. ही आपल्या शेतातली माती नव्हे. मेणमिश्रित असते, पाणी घालत नाहीत, गरम केली की मऊ होते आणि गार झाली की तासता येते. बेंदराला बैल आणि गणपतीला शाडूची मूर्ती ज्याच्या हातून देखणी उतरते, त्याच्या बोटांना हे काम लवकर समजते. शिवाय ट्रॅक्टर, अवजारे, ट्रॉली, फवारणी यंत्रे बनवणारे लहान-मोठे कारखाने आपल्या राज्यात आहेत. तिथे ‘डिझाइनर’ नावाची पाटी नसेल, पण आराखडा काढता येणारा माणूस त्यांनाही हवा असतो. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या पोराने तिथून सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

ग्रामसेवक, तलाठी आणि मुख्याध्यापकांसाठी

या परीक्षांच्या अर्जांची मुदत साधारण दिवाळीच्या आगेमागे येते आणि परीक्षा हिवाळ्यात. म्हणजे बारावीच्या निकालानंतर जागे झालो तर वर्ष गेले. नक्की तारखा दरवर्षी त्या त्या संस्थेच्या जाहिरातीत येतात. ती जाहिरात छापून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर सप्टेंबरपासून लावावी, जूनपर्यंत ठेवायची गरज नाही.

दुसरे दाखल्यांचे. या संस्था केंद्राच्या आहेत. तिथे इतर मागास वर्गाचा, नॉन-क्रिमिलेअरचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडला म्हणून प्रवेशाच्या दिवशी धावाधाव होते. सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असे सांगून घ्यावे, उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा आहे का ते बघावे, आणि तलाठ्यांनी अशा पोराचा चौकशी अहवाल पीक पाहणीच्या ढिगाखाली ठेवू नये. अर्ज गणपतीच्या सुमारास केला तर कागद दिवाळीपर्यंत हातात येतो.